एन्व्हर होजा: तंबाखूच्या दुकानापासून चाळीस वर्षांच्या सत्तेपर्यंत

मांजराकाठ (लातूर)

स्टालिन आणि माओवर इथे भरपूर दळून झालंय. आज ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं नाव मराठीत क्वचितच निघतं: एन्व्हर होजा. देश अल्बेनिया. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहूनही कमी. १९४४ ते १९८५ हा माणूस तिथला सर्वेसर्वा होता आणि सत्तेवर असतानाच मेला. छोटा देश मुद्दाम घेतलाय. कोणी कोणाला कधी बाजूला केलं हे तिथे नावानिशी सांगता येतं. रशिया-चीनच्या पसाऱ्यात माणूस आकड्यांतच हरवतो.

होजाचा जन्म १९०८ चा, जीरोकास्तर गावचा. खाऊनपिऊन सुखी मुसलमान घर. १९३० साली सरकारी शिष्यवृत्तीवर फ्रान्सला मोंपेलियेत शिकायला गेला. पदवी काही झाली नाही, शिष्यवृत्ती तेवढी गेली. मग ब्रुसेल्सच्या अल्बेनियन वाणिज्य दूतावासात नोकरी, तिथून परत येऊन कोर्चा शहरातल्या फ्रेंच शाळेत मास्तरकी. एप्रिल १९३९ मध्ये मुसोलिनीच्या फौजा उतरल्या, राजा झोग परागंदा झाला आणि मास्तरांची नोकरी गेली. तिरानाला येऊन त्यांनी 'फ्लोरा' नावाचं तंबाखूचं दुकान सांभाळायला घेतलं. तेव्हा तिशी ओलांडलेली, हातात पदवी नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये अल्बेनियात कम्युनिस्ट पक्ष निघाला तो आपसात हमरीतुमरीवर असलेल्या गटांना एका खोलीत बसवून. आणि बसवणारे कोण, तर टिटोच्या पक्षाचे दोन युगोस्लाव्ह दूत. गटांचे जुने पुढारी एकमेकांना अजिबात चालत नव्हते. होजा कोणाच्याच डोळ्यांत खुपणारा नव्हता म्हणून तो चालला. ग्रामपंचायतीत दोन तगडे गट अडून बसले की सरपंचपद तिसऱ्याच्याच पदरात पडतं, तसंच हे. फरक एवढाच की या तिसऱ्यानं पुढच्या काही वर्षांत दोन्हीकडच्यांना संपवलं.

युद्धात तीन बाजू होत्या: कम्युनिस्टांची राष्ट्रीय मुक्ती आघाडी, 'बाल्ली कोम्बतार' ही राष्ट्रवादी संघटना आणि राजाचे लोक. ऑगस्ट १९४३ मध्ये मुक्ये गावी आघाडी आणि राष्ट्रवादी यांच्यात समझोता झाला होता. होजानं तो फेटाळला, कारण त्यात युगोस्लाव्हियातलं कोसोव्हो अल्बेनियाला जोडायची भाषा होती आणि ती युगोस्लाव्हांना खपणारी नव्हती. महिनाभरात इटलीनं शरणागती पत्करली, जर्मन आले. राष्ट्रवाद्यांतल्या बऱ्याच जणांनी जर्मनांशी जुळवून घेतलं आणि स्वतःच्या कपाळावर शिक्का मारून घेतला. कम्युनिस्ट मात्र डोंगरात लढत राहिले. त्यांना शस्त्रं पुरवणाऱ्यांत ब्रिटिशही होते, ही त्यातली खास गोष्ट. नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मन निघून गेले तेव्हा देशात शिस्तीची बंदूक एकाच पक्षाकडे उरली होती. रशियाची लाल सेना अल्बेनियात आलीच नाही, हे इथे लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या नसण्याचा होजाला फार फायदा झाला.

डिसेंबर १९४५ ची निवडणूक: उभी एकच आघाडी, मतं ९३ टक्के. जानेवारी १९४६ मध्ये प्रजासत्ताक जाहीर. त्याआधीच, १९४५ च्या वसंतात, तिरानात विशेष न्यायालय बसवून जुन्या राजवटीतल्या मंत्र्या-संत्र्यांवर खटले चालवले होते आणि सतरा जणांना गोळ्या घातल्या होत्या. त्यात बाहरी ओमारी होता, होजाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. न्यायाधीशाच्या खुर्चीत होता कोची जोजे. हा मूळचा पत्र्याचं काम करणारा कारागीर, कायद्याशी संबंध शून्य. जोजेचं नाव लक्षात ठेवा.

पुढचं प्रतिसाद पाहून लिहितो.

अभ्यासिकेतला (नांदेड)

सर, वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका. सत्ता मिळाली हे कळलं, पण चाळीस वर्षं टिकली कशी? सैन्याच्या जोरावर का?

खवचट_गोदावरी

पदवी नाही, नोकरी नाही, पानटपरी आहे. आमच्या गल्लीत असे सहा जण आहेत, एकही हुकूमशहा झाला नाही. युगोस्लाव्ह दूत कुठे भेटतात?

तुरीचं_वरण (परभणी)

शेतीचं लिहा की. जमिनीचं काय केलं त्यांनी? कसेल त्याची जमीन म्हणूनच आले असतील ना हेही?

मांजराकाठ (लातूर)

@तुरीचं_वरण, तसेच आले. ऑगस्ट १९४५ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला. मोठ्या बेंच्या (जमीनदाराला तिथे बे म्हणत) जमिनी काढून कुळांना आणि भूमिहीनांना वाटल्या. दक्षिणेकडच्या सुपीक पट्ट्यात जी कुळं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबली त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा तुकडा मिळाला. ही खरी लोकप्रियता होती, तिला नाकारायचं कारण नाही. पण दहा वर्षांनी, १९५५ नंतर, तोच तुकडा सहकारी शेतीत घालायचा रेटा सुरू झाला. मैदानी भागातलं काम आधी उरकलं, डोंगरी गावंसुद्धा १९६७ पर्यंत आत ओढली. कुटुंबाकडे परसभर जमीन आणि थोडीफार जनावरं राहू दिली होती. तो परस आखडत गेला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उरलीसुरली शेळ्या-मेंढ्याही सामूहिक कळपात जमा करा असा हुकूम निघाला. लोकांनी देण्याऐवजी कापून खाल्ल्या. त्यानंतर दूध-मांसाची जी टंचाई आली ती राजवट पडेपर्यंत हटली नाही.

@अभ्यासिकेतला, सैन्य होतं, पण सैन्याचे सेनापतीसुद्धा टिकले नाहीत. माझ्या वाचनातून मला जे दिसलं ते असं: होजानं देशाचा पाठीराखा तीन वेळा सोडला, आणि प्रत्येक वेळी त्या पाठीराख्याशी जवळीक असलेला स्वतःचाच माणूस बळी दिला. बाहेरचं भांडण घरातल्या साफसफाईला वापरलं. आता क्रमानं बघू.

युगोस्लाव्हिया. १९४७ पर्यंत अल्बेनिया जवळजवळ टिटोच्या खिशात गेला होता. चलन, जकात, सैन्य सगळं एकत्र करायच्या गोष्टी चालल्या होत्या. टिटोचा तिथला खास माणूस म्हणजे आपले पत्रेवाले कोची जोजे, आता गृहमंत्री. होजाचं आसन डळमळीत होतं. जून १९४८ मध्ये स्टालिननं टिटोला कम्युनिस्ट बिरादरीतून हाकललं आणि होजानं त्याच क्षणी बाजू बदलली. युगोस्लाव्ह सल्लागारांना तडकाफडकी घालवलं. जून १९४९ मध्ये जोजेला गोळी घातली. चार वर्षांपूर्वी इतरांना मृत्युदंड सुनावणारा हा माणूस.

रशिया. स्टालिन मेला, त्याच्या जागी आलेल्या ख्रुश्चेव्हनं १९५६ मध्ये त्याची पापं बाहेर काढली आणि वर टिटोशी गोडीगुलाबी सुरू केली. होजाला दोन्ही पटणं शक्य नव्हतं. १९६० साली अल्बेनियात दुष्काळ पडला, गहू हवा होता, मॉस्को टाळाटाळ करत राहिलं. त्या नोव्हेंबरात मॉस्कोला जगभरच्या ८१ कम्युनिस्ट पक्षांची बैठक झाली. त्यात होजानं ख्रुश्चेव्हच्या तोंडावर सुनावलं, त्यात हाही टोमणा होता की सोव्हिएत उंदरांना गहू मिळतो आणि अल्बेनियन माणसं उपाशी मरताहेत. गहू शेवटी चीननं दिला. १९६१ साली संबंध तुटले. व्लोरा बंदरातला नाविक तळ रशियानं गुंडाळला, चार पाणबुड्या मात्र अल्बेनियानं ठेवून घेतल्या. घरातला बळी: लिरी बेलिशोवा, पॉलिटब्युरोतली (पक्षाच्या सर्वोच्च समितीतली) बाई, तरुणपणी जर्मनांविरुद्धच्या लढाईत एक डोळा गमावलेली. बीजिंगच्या दौऱ्यात चीनचं रशियाविरोधी बोलणं ऐकून तिनं ते सोव्हिएत वकिलातीत सांगितलं, एवढा गुन्हा. राजवट कोसळायच्या बेतात येईपर्यंत, तब्बल तीस वर्षं, तिनं नजरकैदेत काढली.

चीन. हा जिव्हाळा सगळ्यांत लांबला. एल्बासानचा पोलाद कारखाना चिनी मदतीचा. पण १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले आणि माओ त्यांना भेटला, तिथून होजाचं मन उडालं. १९७४ मध्ये संरक्षणमंत्री बेकीर बालुकूला पकडलं, पुढच्या वर्षी ठार केलं. जुलै १९७८ मध्ये चीननं मदत थांबवली. त्यानंतर कोणीच पाठीराखा नाही. तोवर १९७६ च्या राज्यघटनेत कलमच घातलं होतं की परदेशी कर्ज घ्यायचं नाही, परदेशी कंपनीला सवलत द्यायची नाही.

आणि सगळे पाठीराखे संपल्यावर बळी कोणाचा? मेहमेत शेहूचा. १९५४ पासून पंतप्रधान, होजाचा उजवा हात, जोजेपासून बालुकूपर्यंत सगळ्या साफसफाईत पुढं असलेला. त्याच्यावर लिहायला वेगळा प्रतिसाद लागेल.

उसाचा_फड (बीड)

लई भारी लिवलंय सर. पण एक सांगा, तिथल्या गरीब मानसाला ह्या समद्या गोंधळात काय मिळालं? आमच्याकडं मुकादम बदलतो, कारखाना बदलतो, कोयता तोच राहतो. तसंच का?

दख्खनी_मुसाफिर (छत्रपती संभाजीनगर)

गरीब माणसाला काय मिळालं, त्याचं उत्तर मी देतो. मांजराकाठ यांनी फाशी-गोळ्यांची यादी दिली, ती खोटी नाही. पण पुढची यादीही द्या की.

युद्धापूर्वी त्या देशात पाचातले चार जण निरक्षर. विद्यापीठ नाही, प्रवासी रेल्वे नाही. मलेरियानं सुपीक मैदानं पडीक. १९३८ साली सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आत होतं, १९८० च्या दशकात ते सत्तरीच्या आसपास आलं. १९४७ मध्ये तरुणांच्या तुकड्यांनी दुर्‍रस ते पेकिन हा पहिला लोहमार्ग टाकला. १९५७ मध्ये तिराना विद्यापीठ. २५ ऑक्टोबर १९७० ला शेवटच्या गावात वीज पोचली. मराठवाड्यातल्या किती वाड्या-तांड्यांवर १९७० साली दिवा लागत होता, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. डोंगराळ भागात जिथे खूनबाजीच्या सूडापायी पुरुष वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नसत आणि मुलगी पाळण्यात असतानाच द्यायची ठरत असे, तिथल्या पोरी डॉक्टर-इंजिनिअर झाल्या. हे कोणत्या राजानं केलं असतं?

आणि आपल्याकडचे कम्युनिस्ट विसरू नका. तेलंगणात लेव्हीच्या धान्याविरुद्ध, वेठीविरुद्ध, देशमुखांविरुद्ध १९४६ पासून जे लढले ते लाल बावट्याचेच. आपल्या बीडनं १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटलांना त्याच बावट्यावर लोकसभेत पाठवलं, १९७७ साली गंगाधरअप्पा बुरांडेंना. त्यांनी कोणाला गोळ्या घातल्या?

खवचट_गोदावरी

बीडकरांना घालायला संधी कुठे मिळाली, काका. निवडून यावं लागलं ना.

मांजराकाठ (लातूर)

खवचटनं चेष्टेत म्हटलं, पण मुद्दा तोच आहे, म्हणून थोडं थांबतो.

तेलंगणात सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता पडली तेव्हा जागा रिकामी राहिली नाही. भारतीय फौज आली, मागून प्रशासन आलं, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. पक्षानं ऑक्टोबर १९५१ मध्ये सशस्त्र लढा मागे घेतला आणि काही महिन्यांत, पक्षावर बंदी असल्यानं पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावानं, निवडणूक लढवली. चांगल्या जागा जिंकल्या. अल्बेनियात नोव्हेंबर १९४४ ला समोर दुसरं कोणी नव्हतंच. म्हणजे माणसं देवमाणसं होती की राक्षस, यापेक्षा त्यांना अडवणारं समोर काय होतं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. नाना पाटलांना पुढच्या निवडणुकीत पाडता येत होतं. होजाला पाडायचं तर मरायची तयारी लागत होती.

तुमची यादी मला मान्य आहे. वीज, शाळा, दवाखाने, सगळं झालं. पण ते कसं झालं याचा एक नमुना जवळून बघा. कोर्चाजवळ मालिक नावाची मोठी दलदल होती, डासांचं माहेरघर. १९४६ साली ती उपसून शेतीखाली आणायचं काम काढलं. काम रखडलं. रखडायची कारणं कोणत्याही पाटबंधारे खात्यातल्या माणसाला विचारा: यंत्रं नाहीत, घाई फार, पाण्याची पातळी हटत नाही. सरकारनं काय केलं, तर कामावरच्या इंजिनिअरांनी अमेरिकनांच्या सांगण्यावरून घातपात केला असा खटला भरला आणि त्यांतल्या काहींना त्याच वर्षी मृत्युदंड दिला. देशात इंजिनिअर बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हाची गोष्ट. दलदल पुढे उपसली गेली, तिथे बीट पिकलं, साखर कारखाना उभा राहिला. तो कारखाना तुमच्या यादीत येतो. ते इंजिनिअर माझ्या.

तुरीचं_वरण (परभणी)

बाप रे. आमच्याकडे धरण वीस-वीस वर्षं रखडतं, अभियंता बढती घेऊन निवृत्त होतो. (हे जास्त चांगलं आहे असं म्हणत नाहीये.)

बालाघाटची (अंबाजोगाई)

दख्खनीकाका, बायकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मान्य करते. पण एका अल्बेनियन बाईची गोष्ट तुमच्या यादीत नाही, आणि ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मदर तेरेसा.

त्या मूळच्या स्कोप्येच्या, अल्बेनियन घरातल्या. त्यांची आई द्राना आणि बहीण आगे तिरानात राहत होत्या. मदर कोलकात्यात. जगभर पोचलेली, राष्ट्रप्रमुख दारात उभे राहतील अशी बाई, तिला आईला भेटायला अल्बेनियात येऊ दिलं नाही आणि आईलाही बाहेर पडू दिलं नाही. १९७२ साली आई गेली, पुढच्या वर्षी बहीण. मदर तिथे गेल्या त्या १९८९ साली, कबरींवर.

१९६७ साली त्या देशात धर्मच बंद करून टाकला होता ना? त्यावर लिहा. मी नर्सिंगला असताना आमच्या एक मल्याळी सिस्टर सांगायच्या, तेव्हा खरं वाटायचं नाही.

मांजराकाठ (लातूर)

ताई, खरं आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये होजाचं भाषण झालं, पाठोपाठ शाळा-कॉलेजातली पोरं मशिदी-चर्चांवर धाडली. चीनमध्ये तेव्हा माओच्या तरुण पोरांच्या टोळ्यांचा, रेड गार्डचा, धुमाकूळ चालू होता, प्रेरणा उघड आहे. मशिदी, चर्च, मठ, बेक्ताशी सूफींचे दर्ग्यांसारखे तेक्के, सगळी मिळून दोन हजारांवर धर्मस्थळं बंद केली. काही पाडली, काहींची गोदामं, व्यायामशाळा, सिनेमागृहं केली. अल्बेनियानं स्वतःला जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं. छावणीत असलेल्या एका म्हाताऱ्या कॅथलिक पाद्र्यानं गुपचूप एका बाळाला बाप्तिस्मा दिला, त्याला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोळ्या घातल्या. दाढीवरसुद्धा बंदी होती. परदेशी पाहुणा दाढीवाला असला तर विमानतळावर न्हावी तयार असे.

आता उसाचा_फड यांचा प्रश्न. तिथल्या साध्या माणसाचं आयुष्य एका गोष्टीवर ठरत असे: 'बिओग्राफी'. प्रत्येकाच्या नावाची फाइल. तुम्ही काय केलं त्यापेक्षा तुमचा आजा कोण होता, चुलता युद्धात कोणत्या बाजूला होता, मामेभाऊ सीमा ओलांडून ग्रीसला पळाला का, हे तीत लिहिलेलं. फाइल चांगली असली तर विद्यापीठ, बरी नोकरी, शहरात घर. वाईट असली तर पोरगं कितीही हुशार असो, सामूहिक शेतावर खुरपं. एक जण पळाला तर मागचं घरदार उचलून लुश्न्याच्या बाजूच्या नजरबंदीच्या गावांत टाकत, दर दिवशी हजेरी, गाव सोडायला परवानगी. मुद्दल माणूस मेला तरी शिक्षा नातवाला चालू.

आणि इथेच शेहूची गोष्ट येते. १९८१ मध्ये पंतप्रधान शेहूच्या मुलाची सोयरीक जुळली. मुलीच्या नात्यातले काही लोक परदेशात पळालेले, कम्युनिस्टांचे जाहीर शत्रू. म्हणजे फाइल वाईट. सोयरीक लगेच मोडली, पण होजानं ती धरून ठेवली. वर्गशत्रूच्या घरात संबंध जोडला म्हणून पॉलिटब्युरोत शेहूला दिवसभर सोलून काढलं. १८ डिसेंबर १९८१ च्या सकाळी तो घरात गोळी लागून मेलेला सापडला. सरकारी निवेदन: आत्महत्या. मग होजानं जाहीर केलं की हा माणूस अमेरिका, रशिया आणि युगोस्लाव्हिया या तिघांचाही हेर होता, तोही कित्येक दशकं. बायको तुरुंगात गेली, बंदिवासातच मेली. मुलं तुरुंगात. माजी गृहमंत्री कादरी हाज्बिऊ आणि आणखी काही जण १९८३ मध्ये त्याच कटाच्या नावाखाली गोळ्यांनी गेले.

लाखो साध्या घरांत सोयरीक करताना जी फाइल आधी विचारली जायची, तीच सत्तावीस वर्षं पंतप्रधान राहिलेल्या माणसावर उलटली. ती पद्धत उभी करण्यात त्याचा स्वतःचा हात होता, त्यामुळे मला त्याची कीव येत नाही. पण राजवट कशावर चालत होती ते यात स्वच्छ दिसतं.

उसाचा_फड (बीड)

सोयरिकीवरून पंतप्रधान गेला! आमच्याकडं सोयरिकीवरून जास्तीत जास्त पंगतीत मारामारी व्हती.

दख्खनी_मुसाफिर (छत्रपती संभाजीनगर)

बिओग्राफीचं मी समर्थन करणार नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवायची, हे आम्ही ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर घोषणा दिल्या तेच झालं. वर्ग मोडायला निघालेल्यांनी नवी जात घातली. हे लिहिताना त्रास होतो, पण लिहितो.

तरी एक म्हणतो. तीन लाखांचं सैन्य घेऊन कोणी चालून येईल ही भीती निव्वळ नाटक नव्हती. १९४९ पासून काही वर्षं ब्रिटन-अमेरिकेनं पळालेल्या अल्बेनियनांना प्रशिक्षण देऊन गुपचूप देशात सोडलं होतं, राजवट उलथवायला. ते बहुतेक पकडले गेले.

मांजराकाठ (लातूर)

बरोबर, आणि त्या मोहिमांची माहिती असलेला ब्रिटिश अधिकारी किम फिल्बी रशियाचा हेर होता. भीतीला आधार होता. पण त्या भीतीचं पुढे काय झालं ते जमिनीवर आजही दिसतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून होजाच्या मरणापर्यंत देशभर काँक्रीटचे बंकर बांधले, पावणेदोन लाखांच्या आसपास. अळंब्यासारखे गोल घुमट, एक-दोन सैनिक मावतील एवढे. शेतात, द्राक्षमळ्यात, समुद्रकिनारी, स्मशानात. तीस लाखांच्या देशात. त्या सिमेंट-लोखंडात किती घरं झाली असती याचा हिशेब अल्बेनियन लोक स्वतःच घालतात, आपण कशाला घालायचा. त्यातल्या एकाही बंकरमधून परदेशी सैन्यावर गोळी सुटली नाही.

खाजगी मोटार कोणाला ठेवता येत नसे. इटलीचा टीव्ही समुद्रापलीकडून तिथेही दिसायचा, पण तो पाहायला बंदी. लोक पत्र्याचे डबे जोडून अँटेना करत आणि चोरून पाहत. पुढाऱ्यांची वस्ती तिरानाच्या मध्यात, 'ब्लोक' नावाची, पहाऱ्यातली. सामान्य माणसाला आत पाय टाकता येत नसे. स्पाचच्या तांब्याच्या खाणीत राजकीय कैदी राबत होते, मे १९७३ मध्ये त्यांनी बंड केलं, ते मोडलं आणि म्होरक्यांना मारलं. एकूण राजकीय कारणांनी सुमारे सहा हजार माणसं मारली गेली असं तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. संख्या रशिया-चीनपुढे लहान वाटेल, पण १९४५ साली हा देश अकरा-बारा लाखांचा होता.

अभ्यासिकेतला (नांदेड)

सर, होजा गेल्यावर काय? लगेच कोसळलं का?

मांजराकाठ (लातूर)

११ एप्रिल १९८५ ला गेला. वारस रामिझ आलिया, त्यानं सहा वर्षं कशीबशी रेटली. १९९० मध्ये लोक परदेशी वकिलातींच्या भिंतींवरून उड्या मारून आत शिरले. २० फेब्रुवारी १९९१ ला तिरानाच्या मुख्य चौकातला होजाचा पुतळा दोरखंड लावून पाडला. त्याच ऑगस्टमध्ये 'व्लोरा' नावाच्या मालवाहू जहाजावर सुमारे वीस हजार माणसं चढली आणि जहाज इटलीच्या बारी बंदरावर नेलं. त्याचे फोटो पाहा, डोलकाठीलाही माणसं लटकलेली आहेत. १९९७ मध्ये साखळी-गुंतवणूक योजना बुडाल्या आणि देश यादवीच्या तोंडाशी गेला. गुंतवणुकीचा व्यवहारच ज्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाहिला नव्हता, त्यांना महिन्याला दहा टक्क्यांचं आमिष खरं वाटलं. (आपल्याकडच्या ठेवीदारांनी तर सगळं पाहिलेलं असतं, तरी.)

तुरीचं_वरण (परभणी)

माझा प्रश्न अर्धवट राहिला. सामूहिक शेतं मोडल्यावर जमीन कोणाकडे गेली? जुन्या मालकाकडे, की कसणाऱ्याकडे?

मांजराकाठ (लातूर)

जुलै १९९१ चा कायदा, क्रमांक ७५०१. सहकारी शेतावर राबणाऱ्या कुटुंबांना माणशी सारखी वाटणी. १९४५ च्या आधी ती जमीन कोणाची होती हे विचारातच घेतलं नाही. सरासरी कुटुंबाला हेक्टर-सव्वा हेक्टर आली, तीही एका जागी नाही: थोडी ओलिताची, थोडी माळावर, थोडी ऑलिव्हच्या बागेत. त्या गडबडीत लोकांनी सामूहिक गोठे, काचगृहं, पाटाची दारं तोडून नेली, फळबागा सरपणाला गेल्या. सरकारचं जे जे दिसलं ते मोडलं.

डोंगरातल्या बऱ्याच गावांनी हा कायदा बाजूला ठेवला आणि आजे-पणजोबांच्या बांधाप्रमाणे आपसांत वाटून घेतलं. कागदावर एक मालक, रानात दुसरा.

तुरीचं_वरण (परभणी)

म्हणजे मोजणी आणि फेरफार अजून बाकी असणार!

मांजराकाठ (लातूर)

अजून चालूच आहे. एकाच रानावर तीन दावे: बेच्या वारसांचा, १९९१ ला वाटणी मिळालेल्याचा, आणि डोंगरातून उतरून तिथे विनापरवाना घर बांधलेल्याचा. युरोपियन संघात जायचं तर आधी हे मिटवा असं त्यांना वारंवार सांगितलं जातं.